आत्याला कुठला आवाज द्यायचा? एका वाचून दाखवणाऱ्या यंत्राचं प्रकरण

माझी आत्या ठाण्याला नौपाड्यात राहते, वय ७३, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. मागच्या दोन वर्षांत तिच्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, गेला, त्यामुळे समोर बघितलं की मधोमध राखाडी ढग आणि कडेकडेचं सगळं दिसतं, त्यामुळे ती घरभर फिरते, कुकर लावते, खालून भाजी आणते, पण अक्षर वाचता येत नाही. भिंग झालं, टीव्हीएवढं मोठं करून दाखवणारं मशीन झालं, सगळं करून बघितलं. शेवटी पुण्याच्या दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, एक हातात मावणारं वाचून दाखवणारं यंत्र घेऊन दिलं, मोबाईलएवढंच पण पुढे उठावाची बटणं असलेलं, आत अँड्रॉइडच चालतं. मी ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, ट्रान्सहार्बर लोकलने वीसेक मिनिटांत ठाण्याला पोचते, त्यामुळे सेटिंगचं काम माझ्याकडे आलं आणि मला वाटलं एका रविवारात होईल. सात आठवडे लागले. त्यातला जवळजवळ सगळा वेळ एकाच गोष्टीवर गेला, ती म्हणजे आवाज कुठला ठेवायचा, म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण घरोघरी हा प्रश्न येणार आहे आणि तो दुकानात पाच मिनिटं ऐकून सुटत नाही.

विकणाऱ्याने सांगितलं होतं की यंत्र सगळ्या भारतीय भाषा वाचतं. चालू केलं तर एका बाईचा अगदी स्वच्छ, गोड, रेडिओवर शोभेल असा आवाज आला, आम्ही सगळे खूष, दादाने फोनवर ऐकून म्हटलं हाच ठेवा. आत्या मात्र दोन पानं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "अगं ही चांगली बोलते, पण ही मराठी नाही वाचत, देवनागरी वाचतेय."

बरोबर होतं तिचं. आवाज हिंदीचा होता. लिपी एकच असल्यामुळे यंत्राला मराठी मजकूर दिला की तो अडत नाही, एरर येत नाही, सरळ वाचत सुटतो, आणि म्हणूनच हा घोळ पटकन लक्षात येत नाही. तामिळ मजकूर दिला असता तर यंत्र गप्प बसलं असतं आणि आपल्याला लगेच कळलं असतं की काहीतरी चुकलंय.

आता चुका काय होत्या ते नीट सांगते, कारण आवाज तपासायचा तर नेमकं हेच तपासायला लागतं. मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन दोन उच्चार आहेत, लिहायला एकच. घरचा मधला च वेगळा आणि घरची मधला वेगळा, माझा आणि माझी तसंच. चिंच या एका शब्दात दोन्ही च येतात, जहाज या शब्दात दोन्ही ज. हिंदीत हा फरक नाही, तिथे एकच च. आता मराठीत चा-ची-चे शिवाय वाक्य पुढे सरकत नाही, त्यामुळे चूक अधूनमधून येत नव्हती, ओळीओळीला येत होती. दुसरं म्हणजे ळ. काळ वाचला की काल ऐकू यायचं, वेळचं वेल व्हायचं. दऱ्या वाचलं की दर्या, म्हणजे आपण डोंगरातल्या दऱ्यांबद्दल ऐकतोय आणि मधेच समुद्र. तिसरं टिंब. आपण केलं, झालं, सांगितलं लिहितो तेव्हा ते शेवटचं टिंब अनुस्वार नसतोच, नुसता लांबवलेला अ असतो, तो आवाज मात्र प्रत्येक टिंब नाकातून काढायचा. आणि आकडे! १९६० आलं की उन्नीस सौ साठ, ५९ आलं की उनसठ, एका मराठी वाक्याच्या मधोमध.

मी आधी म्हटलं, आत्या, अर्थ कळतोय ना, सवय होईल. त्यावर ती जे बोलली ते मी लिहून ठेवलं होतं, "अर्थ कळतो गं. पण प्रत्येक वाक्याला मी मनात तिची वही तपासत बसते, आणि गोष्ट राहते बाजूला." चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईचा कान असा बंद होत नाही. पण मला वाटतं हे फक्त शिक्षकांपुरतं नाहीये, चुकीचा शब्द कानावर पडला की प्रत्येकाचंच मन क्षणभर मागे जाऊन तो दुरुस्त करतं, आपल्याला कळत नाही इतकंच, आणि तासाभराने डोकं का दुखतंय ते समजत नाही.

मग मी माझ्या कॉलेजच्या मित्राला फोन लावला. तो जन्मापासून अंध आहे, वाशीला बँकेत अधिकारी आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर एनव्हीडीए वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी ते बनवायला घेतलं, फुकट आहे आणि त्याच्याबरोबर ईस्पीक एनजी नावाचा आवाज येतो ज्यात मराठीही आहे. मित्र म्हणाला, डोकं लावू नकोस, ईस्पीकच्या जातीचाच टाक. शनिवारी घरी आला, आत्याला नमस्कार केला, "काकू, तुम्ही फक्त ऐका" म्हणाला आणि स्वतःच्या फोनवर लावून दाखवला. मला तर एक अक्षर कळलं नाही. पावसाळ्यात पत्र्यावर गारा पडाव्यात तसं काहीतरी चाललं होतं आणि तो शांतपणे हसत होता, कारण मजकूर विनोदी होता.

हा आवाज असा का, हे समजून घेतल्याशिवाय निवड करता येत नाही म्हणून थोडं सांगते. गोड बाईच्या आवाजात खऱ्या माणसाने स्टुडिओत बसून तासन् तास वाचलेल्या रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे असतात, यंत्र ते शोधून एकाला एक जोडतं. ईस्पीकच्या जातीत रेकॉर्डिंग जवळजवळ नसतंच, तोंडाच्या पोकळीत आवाज कुठल्या कुठल्या पट्ट्यांत घुमतो ते गणिताने काढून आवाज नव्याने तयार केला जातो, त्या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. म्हणून तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. पण त्याचे फायदे बघा, शंभराच्या वर भाषा आणि सगळं मिळून काही एमबीत, बटण दाबलं की त्याच क्षणी उत्तर, आणि वेग कितीही वाढवला तरी व्यंजनं फुटत नाहीत कारण तो रेकॉर्डिंग दाबून बसवत नाही, त्या वेगाचंच बोलणं नव्याने घडवतो. स्टीफन हॉकिंग यांचा तो जगाला माहीत असलेला आवाज याच घराण्यातला, अमेरिकेतल्या एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून घडवलेला, आणि पुढे कितीतरी नैसर्गिक आवाज आले तरी हॉकिंगनी तो बदलला नाही. माझ्या मित्राचंही तेच आहे, वीस वर्षं त्याच आवाजात अभ्यास केला, परीक्षा दिल्या, नोकरी मिळवली, त्याला तो आवाज ऐकूच येत नाही, सरळ मजकूर ऐकू येतो.

आत्याला मात्र आवाजच ऐकू येत होता, मजकूर नाही. तिने आठवडाभर मनापासून प्रयत्न केला, मित्राचा मान म्हणूनही केला, पण नीट ऐकू यायला वेग कमी करावा लागायचा आणि कमी वेगाला तो आवाज आणखी डब्यातला वाटायचा. एकदा मी संध्याकाळी गेले तर यंत्र ओट्यावर बंद पडलेलं आणि ती रेडिओ ऐकत बसलेली. त्या दिवशी मला कळलं की मित्राचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता, पण त्याच्यासाठी. तो कामासाठी ऐकतो, उडत उडत, यादीत खाली-वर करत, हवं ते सापडलं की थांबत. आत्या कादंबरी ऐकायला बसते. आणि ७१व्या वर्षी अक्षर सुटलेल्या माणसाकडे कान तयार करायला वीस वर्षं नसतात.

तिसरा आवाज न्यूरल. २०१६ला गूगलच्या डीपमाइंडने वेव्हनेट नावाचं आवाज तयार करणारं तंत्र दाखवलं तिथून ही लाट आली, यात तुकडे जोडत नाहीत, भरपूर बोलणं ऐकवून शिकवलेलं जाळं आवाजाची लहर स्वतः तयार करतं. मराठीतही असे आवाज आता आहेत, मायक्रोसॉफ्टचे आरोही आणि मनोहर आहेत पण ते इंटरनेटवरून चालतात, गूगलचा मराठी आवाज अँड्रॉइडवर डाउनलोड करून नेटशिवायही चालतो. आत्याच्या यंत्राला सिमकार्ड नाही आणि जुन्या बिल्डिंगच्या आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, त्यामुळे नेटशिवाय चालणारा हवा ही पहिली अट झाली आणि निम्मे पर्याय तिथेच गळले.

उरलेल्यांची परीक्षा मी ऑफिसात घेते तशी घ्यायची ठरवली. कुठल्याही आवाजाचं तयार सॅम्पल ऐकायचं नाही, ते वाक्य त्या आवाजाला शोभेल असंच निवडलेलं असतं. परीक्षेचा मजकूर आत्यानेच तोंडी सांगितला, मी टाइप केला, तो असा: "जगात कुठेही जा, माझा पाण्याचा जग आणि माझी चिंच बरोबर असते. जरा वेळ काढून दऱ्याखोऱ्यांत गेलो, जहाजं बघितली, १९५९ साली बाळूचं लग्न झालं तेव्हा अडीच आण्याला पोळी होती." यात जग दोनदा आहे आणि दोन्हीचे उच्चार वेगळे आहेत, दुनियेचा जग आणि पाण्याचा जग, लिखाणात काहीही फरक नाही, वाचणाऱ्याला अर्थ कळला तरच बरोबर येणार. एकाही आवाजाला दोन्ही जमले नाहीत. आत्या म्हणाली, सहावीच्या मुलांनाही जमत नाही, सोड, बाकीचं बघ.

मग एकाच पुस्तकाची तीन वेगवेगळी प्रकरणं, तीन आवाजांत, तीन दिवस, रोज तासभर. ऐकून झाल्यावर "आवडला का" हे मी विचारायचंच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून गोष्टीबद्दल विचारायचं, कोण कुणाला काय म्हणालं, पत्र कुणी लपवलं वगैरे. गोड बाईच्या दिवशी ती वीस मिनिटांत झोपली, डब्याच्या आवाजाच्या दिवशी तिला घटना आठवत होत्या पण माणसं आठवत नव्हती, कोणी चिडून बोललं, कोणी रडवेलं, ते सगळं सपाट झालेलं. न्यूरल आवाजाच्या दिवशी मी फोन करायच्या आधी तिचाच फोन आला, "अगं त्या सुनेचं पुढे काय होतं, पुढचं प्रकरण का नाही टाकलंस?" तिथे मला उत्तर मिळालं होतं खरं तर. पण अजून दोन गाठी सुटायच्या होत्या.

पहिली कानाची. वयाने ऐकू कमी येतं ते सगळ्या सुरांत सारखं कमी होत नाही, वरच्या पट्ट्या आधी जातात, आणि स, श, फ, त, ख ही व्यंजनं त्याच वरच्या पट्ट्यांत राहतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांना "आवाज येतो पण शब्द कळत नाही" असं होतं आणि आपण अजून मोठ्याने ओरडतो, ज्याचा उपयोग नसतो. आता यावर सोपा उपाय सुचतो की पुरुषाचा जाड आवाज ठेवा. पण यंत्राचा स्पीकर रुपयाच्या नाण्याएवढा, तो खालचे सूर देऊच शकत नाही, जाड आवाज त्यातून चिरका आणि पोकळ यायचा. म्हणजे वरचं कान खातो आणि खालचं स्पीकर खातो. आम्ही तीन ठिकाणी ऐकून बघितलं, स्वयंपाकघरात पंखा आणि शेजारच्यांचा मिक्सर चालू असताना, गोखले रोडकडच्या बाल्कनीत रिक्षांच्या हॉर्नमध्ये, आणि रात्री दहानंतर पलंगावर. बाल्कनीत एकही आवाज टिकला नाही, तिथे ऐकायचंच नाही असं ठरलं. बाकी ठिकाणी बाईचाच आवाज, पण पिच दोन घरं खाली आणि शंभर-दीडशे रुपये जास्त टाकून घेतलेला बऱ्यापैकी वायरचा इअरफोन, याने शब्द मोकळे झाले. एका कानातलं श्रवणयंत्र मोठ्या हेडफोनखाली शिट्टी मारायचं, म्हणून दुसऱ्या कानात एकच इअरफोन.

वेगाबद्दल एक गोष्ट लक्षात आली ती कुणी सांगत नाही. आम्ही सुरुवातीला समजत नाही म्हणून वेग कमी कमी करत गेलो आणि आवाज ओढल्यासारखा व्हायला लागला, शब्द लांबून चिकट झाले. खरं तर आत्याला शब्द हळू नको होते, दोन वाक्यांमध्ये श्वास घेण्याएवढी जागा हवी होती. वेग परत नेहमीचा केला आणि वाचनाच्या ॲपमध्ये वाक्य संपल्यावरची थांबायची वेळ वाढवली, लगेच फरक पडला. आता सात आठवड्यांनी तिने स्वतःच वेग सुरुवातीपेक्षा वर नेलाय.

दुसरी गाठ औषधाची, आणि ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. दवाखान्यातून टाइप केलेली चिठ्ठी दादाने यंत्रावर पाठवली, त्यात रक्तदाबाच्या गोळीपुढे १/२ लिहिलं होतं, म्हणजे अर्धी. न्यूरल आवाजाने ते अगदी छान, ठाम, आत्मविश्वासाने "एक दोन गोळी" असं वाचलं. आत्याला वाटलं एक-दोन घ्या म्हणतायत. नशीब की तिला हे विचित्र वाटलं आणि गोळी हातात घेऊन तिने मला फोन केला. डब्याच्या आवाजाने हेच कदाचित तितकंच चुकीचं वाचलं असतं, पण गोड आणि सहज बोलणाऱ्यावर आपण जास्त विश्वास ठेवतो, हा धोका मला तेव्हा पहिल्यांदा कळला. त्याच संध्याकाळी मी गेले आणि यंत्राचा बोलण्याचा कारभार दोन हातांत दिला. पुस्तक वाचणाऱ्या ॲपला मराठी न्यूरल आवाज, आणि बटणं, मेनू, अक्षर-अक्षर वाचणं यासाठी मित्राचा तो फॉर्मंटवाला आवाज. अँड्रॉइडमध्ये हे करता येतं, स्क्रीनवरचं सांगणाऱ्याचा आवाज वेगळा ठेवता येतो आणि वाचनाच्या ॲपचा वेगळा. चिठ्ठी, फोन नंबर, बिलाची रक्कम असलं काहीही आलं की आत्या बाजूचं बटण दाबून अक्षर अक्षर ऐकते, एक, तिरकी रेघ, दोन. आणि तरी गोळ्यांच्या डब्या आम्ही वेगवेगळ्या आकाराच्याच केल्या, औषध आवाजावर सोडायचं नाही.

या वाटणीचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. न्यूरल आवाजाला त्या छोट्या प्रोसेसरवर तोंड उघडायला जरा वेळ लागतो, पुस्तकाला चालतं, पण बटण दाबल्यावर अर्धा क्षण शांतता आली की दिसत नसलेल्या माणसाला वाटतं दाबलंच गेलं नाही, मग ती परत दाबते आणि दोन पायऱ्या पुढे जाते. डब्याचा आवाज लगेच बोलतो. शिवाय दोन आवाज वेगळे असल्याने कोण बोलतंय, यंत्र की पुस्तक, हे न विचारता कळतं.

मजकूर कुठून आणायचा हे वेगळं प्रकरण आहे, थोडक्यात सांगते. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ला सुरू झालं, अंध आणि छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी, तिथे सभासद होता येतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, आत्या तिथली जुनी सभासद, त्यातली काही पुस्तकं आम्ही घरी स्कॅन करून तिच्यासाठी मजकूर काढतो. हे चालतं का असं दादाने विचारलं होतं, तर २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या वापरासाठी अशी प्रत करायला मुभा दिलीय, आणि पुढे २०१४ला मराकेश कराराला, म्हणजे अंधांसाठी पुस्तकांच्या प्रती करू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला, मान्यता देणारा पहिला देश भारतच. खरी डोकेदुखी जुन्या मराठी पीडीएफची, युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, यायच्या आधीच्या फॉन्टमधल्या. डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो, आणि कुठलाही आवाज, गोड असो की डबा, तो कचराच वाचतो. अशा वेळी आवाज बदलत बसू नका, फाइल बदला.

सध्या आत्या उच्चारांची यादी करतेय. वाचनाच्या ॲपमध्ये चुकणारा शब्द आणि त्याऐवजी कसं वाचायचं हे भरून ठेवता येतं. ऐकताना चूक आली की ती यंत्र थांबवते आणि जाड स्केचपेनने, एका पानावर चार शब्द मावतील एवढ्या मोठ्या अक्षरात, कडेच्या नजरेने वहीत लिहून ठेवते. रविवारी मी ते भरते. चि. आणि कै. पूर्ण करून टाकले, पृ. चं पृष्ठ केलं, आडनावं भरली, तिच्या गावचं नाव भरलं. काल वहीत साठावा शब्द होता. अभंग आणि ओव्या मात्र अजून जमत नाहीत, आवाज त्या बातमीसारख्या वाचून मोकळा होतो, शेवटचा अ गिळून टाकतो आणि चाल पार मोडते. ते आलं की आत्या बटण दाबून त्याला थांबवते, उरलेलं पाठ असलेलं स्वतः म्हणते आणि मग पुढच्या परिच्छेदावर त्याला परत बोलू देते.